जंगल जाळणाऱ्या भावाकडे

माझा धाकटा भाऊ मिलिंद जंगल जाळतो, हे मला दिलसुखनगरच्या मावशींनी सांगितलं. वर हळूच म्हणाल्या, "तिथं रिसॉर्ट येतंय म्हणे." मिलिंद वनशास्त्र शिकलेला, श्रीशैलम रस्त्यावरच्या जंगलात करारावर सल्लागार. फोन केला तर म्हणाला, "हौ ताई, जाळतो. येऊन बघ." इतक्या सहज म्हणाला की संशय वाढलाच. शनिवारी निघाले.

आमच्या चिक्कडपल्लीहून पहाटेच निघा. शहर ओलांडलं की रस्ता सुरेख आहे. जंगलाचं फाटक रात्री बंद होतं, परतीची वेळ सांभाळा. फाटकाअलीकडच्या टपरीवर इडली आणि शेंगदाण्याची झणझणीत चटणी खाऊनच घ्या, पुढे फारसं काही मिळत नाही; मी मिलिंदसाठी डबाभर चटणी बांधूनही घेतली. फाटकावरच्या माणसाने माझी पाण्याची बाटली काढून घेतली. "अम्मा, पिलास्टिक अंदर नक्को." बाटली चालत नाही आणि आग चालते?

मिलिंद आत वाट बघत होता. त्याने आधी सागाचा एक जुना, कापलेला बुंधा दाखवला. वर्तुळांमध्ये काळे व्रण होते.

"हे आगीचे. झाड भाजलं, पण मेलं नाही, वाढत राहिलं. इथं पूर्वी लहान आगी अधूनमधून येत, पाचोळा जळून जाई. आपण त्या बंद केल्या, पाचोळा साचला, मग लागली ती आग शेंड्यापर्यंत गेली. म्हणून आता मी थोडं थोडं, ताब्यात ठेवून जाळतो. जंगल पूर्वी कोणत्या मर्यादेत बदलायचं ते शोधायचं आणि आपला कारभार तेवढ्यातच ठेवायचा."

"ती मर्यादा कोण ठरवणार?"

"झाडं सांगतात."

"झाडं बोलत नाहीत मिलिंद. तू बोलतोस."

त्याने मला गाडीत बसवून पुढे नेलं. मागच्या हिवाळ्यात जाळलेल्या तुकड्यात हिरवंगार गवत होतं, चितळं चरत होती. छान वाटलं, पण छान तेवढंच दाखवतात हेही मला ठाऊक आहे. म्हणून परतताना ओढ्याकाठच्या दाट दरीत चुना फासलेले दगड दिसले, तेव्हा मी गाडी थांबवायला लावली.

"हे काय?"

"खुणा. इथंही जाळा म्हणतायत."

"कोण?"

"ज्यांना रिसॉर्टसाठी दरी मोकळी हवीय."

"आणि तू?"

मिलिंद मला एका उन्मळून पडलेल्या झाडाकडे घेऊन गेला. वाटेसाठी ते मधोमध कापलेलं होतं. "हात लावून बघ." मी सालीपासून गाभ्यापर्यंत बोट फिरवलं. एकही काळा व्रण नव्हता.

"इथं ओल असते, आग पोचतच नव्हती. जाळू नका, असं लिहून दिलंय मी."

"मग?"

"मग करार वाढवणार नाहीत."

तो ओढ्याकडे बघत होता. मी पिशवी उघडली. चटणीचा डबा त्याच्या हातात दिला.

महिन्याभरात मिलिंद ट्रंक घेऊन माझ्याच घरी राहायला आला. मावशी आल्या, त्याच्याकडे डोळे बारीक करून बघू लागल्या. मी म्हटलं, "त्याला काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारा." त्यांनी चहा घेतला आणि गेल्या.

परवा त्याला तिकडच्या सहकाऱ्याचा फोन आला. "दरी जळली का?" मी विचारलं.

"अजून नाही, ताई."

भावावर माझा विश्वास बसलाय. त्या 'अजून'वर बसत नाही.