नाव घालणारे मामा

साधी रेघ नावाची वस्तू या जगात असते, हे आमच्या मामांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. रेघ दिसली की ती कुठून तरी आलेली असणार आणि कुठं तरी निघालेली असणार, असं त्यांचं ठाम मत. दारावरचं स्वस्तिक, देवळाच्या उंबऱ्यावरचं राक्षसाचं तोंड, दर्ग्याच्या जाळीतली सहा टोकांची चांदणी, चर्चच्या भिंतीवरचा क्रूस, फार काय, ट्रकच्या मागं लोंबणारी काळी बाहुली, या सगळ्यांशी त्यांची घरच्यासारखी ओळख होती. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लग्नात मला बाकी आहेर बेताचाच मिळाला, पण त्यात मामा मिळाले, आणि ते शेवटपर्यंत टिकले.

नाशिकच्या भांडी बाजारात एका मोठ्या दुकानाच्या पायरीवर बसून ते भांड्यांवर नावं घालायचे. नव्वद-ब्याण्णव सालापर्यंत कुणाच्या घरातली वाटीसुद्धा निनावी नसायची. मुंज असो, बारसं असो, भांडं घ्यायचं आणि पायरीवर नेऊन त्यावर ‘अमुक यांजकडून सप्रेम भेट’ घालून घ्यायचं. बाजारातल्या इतरांनी तोवर विजेवर चालणारं मशीन घेतलं होतं. मामा मात्र बोटभर छिन्नी आणि इवलीशी हातोडी घेऊन टकटक करत बसत. “मशीन ओरखडतं, जावईबापू. लिहिते ती छिन्नीच,” असं ते मला सांगायचे. दुपारी ऊन कलायला लागलं की समोरच्या दुकानातल्या तांब्याच्या हंड्यांचा तांबूस उजेड त्यांच्या तोंडावर पडायचा, आणि हातातल्या पेल्याकडं बघता बघता मामा कुठल्या कुठं निघून जायचे. गिऱ्हाईक समोर उभं, नाव अर्धं झालेलं, आणि मामा नाहीत.

परत यायचे ते चिन्ह घेऊनच. नावापुढं एक चिन्ह फुकट, हा त्यांचा रिवाज, आणि चिन्हापाठोपाठ त्याचा अर्थ, तोही फुकट. शंख काढला तर तो डावा की उजवा, हे समजून घेतल्याशिवाय भांडं हातात मिळत नसे. एकदा एक बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, “अहो, माझी मनमाडची गाडी चुकेल.” मामा शांतपणे म्हणाले, “दुसरी मिळेल. पण शंख उलटा समजून घरी गेलात तर जन्मभर तसाच राहील.” बाईंची गाडी चुकली. शंख मात्र त्यांना समजला असावा, कारण पुढच्या खेपेला त्या मुद्दाम दुसऱ्या पायरीवर गेल्या.

हे सगळे अर्थ ते कुठल्या पुस्तकातून काढत असतील, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण मामांच्या घरात पंचांगापलीकडं पुस्तक नव्हतं. त्यांची पद्धत वेगळीच होती. ते चिन्हासमोर बसून राहत. बाजाराच्या सुटीच्या दिवशी सायकल काढायची, पिशवीत पातळ कागद आणि कोळशाचा तुकडा टाकायचा आणि निघायचं. पांडवलेण्यांत एखाद्या कोरलेल्या चक्रासमोर ते तास-दीड तास बसत. त्यावर कागद धरून कोळसा फिरवत, छाप उमटला की तो मांडीवर ठेवून डोळे अर्धे मिटत. “बघत बसलं की चिन्ह स्वतःहून बोलतं,” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं त्यांचे निम्मे अर्थ जगाला मान्य असलेले असत आणि निम्मे त्यांना डुलकीत सुचलेले. स्वस्तिक म्हणजे चार रस्ते आणि मधे उभा असलेला माणूस, ज्याला अजून कुठंच जायचं नाही. सहा टोकांची चांदणी म्हणजे एक त्रिकोण वर निघालाय, एक खाली येतोय, आणि दोघांची वाटेत गाठ पडलीय. हे ऐकलं की मला उगाच बरं वाटायचं. खरं-खोटं कोण बघत बसतो!

त्यांच्या शेजारच्या पायरीवर कल्हईवाले चाचा बसायचे. तीस वर्षांचा शेजार. चाचांना या अर्थांचा मनस्वी कंटाळा होता. “मामू, तारा देखने का होता है, पूछने का नहीं,” असं म्हणून ते भाता जोरात ओढायचे. मग मामा त्रिकोणांची गाठ पडल्याचं सांगायचे आणि चाचा म्हणायचे, “गाठ पडी ना? मग चाय मंगाव.” चहा यायचा. हा संवाद मी निदान पन्नास वेळा ऐकला असेन.

देवळात मामांबरोबर जाणं म्हणजे परीक्षाच. सभामंडपातल्या दगडी कासवापाशी ते हटकून थांबायचे. “कासव बघा, सगळे अवयव आत ओढून घेतं. तसं आपण आत जाताना...” इथवर येईतो मागं रांग तुंबलेली. एकदा मागून आवाज आला, “ओ काका, तुमचे अवयव आधी पुढं घ्या!” मामा न रागावता पुढं सरकले आणि मला म्हणाले, “त्यालाही कळलंय, फक्त दिशा चुकली.”

या छंदाचा खरा फटका बसला तो त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, वैशालीला. तिला बघायला आलेल्या पहिल्या मुलाचा हात मामांनी सुपारी देताना धरला आणि तळव्यावर शंख शोधत सोडलाच नाही. दुसऱ्या ठिकाणची मंडळी जेवायला बसली असताना देवळाच्या उंबऱ्यावरच्या राक्षसाची गोष्ट निघाली. भुकेल्या राक्षसाला शंकरानं स्वतःलाच खायला सांगितलं, मग त्यानं आधी पाय खाल्ले, मग हात, मग पोट, आणि नुसतं तोंड उरलं, तेव्हा शंकरानं प्रसन्न होऊन त्याला उंबऱ्यावर जागा दिली. गोष्ट पोटापर्यंत आली तेव्हा मुलाच्या आईनं श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. मामी कपाळावर हात मारून म्हणायच्या, “यांच्या तोंडाला आधी कुणीतरी उंबऱ्यावर बसवा.” अशी चार-पाच स्थळं गेली. वैशालीनं अठ्ठावीस ओलांडली. ती बोलायची नाही, पण पाहुणे येणार म्हटलं की ती वडिलांकडं ज्या नजरेनं बघायची, ती मला बघवत नसे.

आणि मग सायखेड्याचं स्थळ आलं. मुलगा ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला, घरी कांदा-द्राक्षं, माणसं साधी. मुख्य म्हणजे वैशालीला तो मुलगा मनापासून आवडला होता. बोलणी करायला आम्ही सायखेड्याला गेलो तेव्हा मामींनी मामांना न बोलण्याची शपथ घातली होती, आणि मामा खरोखर तोंड मिटून बसले. सुपारी फुटली. आम्ही सगळे बैठकीत असताना मामा तेवढे “जरा नदीवर जाऊन येतो” म्हणून गेले आणि अर्ध्या तासानं गुडघ्यांना माती लावून, डोळ्यांत तो नेहमीचा दूरचा उजेड घेऊन परतले. कुणी काही विचारलं नाही. तीच आमची चूक झाली.

लग्नाला दहा दिवस असताना मुलाकडची मंडळी कपड्यांच्या खरेदीसाठी नाशकाला आली. मुलाचे वडील होते, आणि त्यांची धाकटी बहीण. तिला सगळे आत्याच म्हणत. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून माहेरी भावाकडंच राहिलेली. चहाच्या आधी मामांनी मोठ्या हौसेनं लेकीला द्यायची एकवीस भांडी मांडली. हंडा, कळशी, तांबे, पेले, ताटं. प्रत्येकावर नाव, आणि नावापुढं कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात, वर चंद्र आणि सूर्य. छिन्नीचं इतकं देखणं काम मी त्यांचंही पाहिलं नव्हतं. “तुमच्याच गावचं चिन्ह,” मामा म्हणाले. “नदीकाठच्या दगडावरचं. चुडा भरलेला आशीर्वादाचा हात. चंद्रसूर्य आहेत तोवर सौभाग्य.”

मुलाचे वडील ताडकन उभे राहिले. “अवो, हा सतीचा हात हाय! हा हात दगडावर यायला आधी नवरा मरावा लागतो. लग्नाच्या भांड्यावर माझ्या पोराचं मरण कोरलं व्हय तुम्ही?”

झालं होतं असं, की त्या दगडाचा खालचा अर्धा भाग जमिनीत गाडलेला होता. कोरलेली चिता तिथं, मातीखाली. मामांनी वरचा अर्धा बघितला, त्याच्यासमोर बसले, आणि चिन्ह त्यांच्याशी बोललं. दहा पावलांवर घर होतं, तिथं एका माणसाला विचारलं असतं तरी पुरलं असतं. मंडळी चहा न घेता उठली. “ही भांडी आमच्या दारात येणार नाय. आणि बाकीचं बी आम्ही कळवू,” एवढंच मुलाचे वडील म्हणाले. आत वैशालीनं खोलीचं दार लावून घेतलं. मामा त्या एकवीस भांड्यांमधे तसेच उभे होते. त्या दिवशी मला त्यांचा पहिल्यांदाच राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

दुसऱ्या दिवशी मामा ती भांडी पायरीवर आणून नुसतेच बसलेले. चाचांना मीच सगळं सांगितलं. ते कल्हईचा बोळा टाकून उठले, एक पेला उचलून डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “पाँच उंगली है ना? पाँच पत्ती कर डालो. कमल हो जाएगा. हाथ का दंडी बनाव.” आयुष्यात चिन्हाच्या वाटेला न गेलेला माणूस तो! मामांनी पेला परत घेतला आणि छिन्नी उचलली. दिवसभर टकटक चालली. बोटांच्या पाकळ्या झाल्या, मनगटाचा देठ झाला, बांगड्यांच्या रेघा पाण्याच्या लाटांत मिसळल्या. चाचा घासून, चकाकवून एकेक भांडं मला देत आणि मी ते पोत्यात भरत होतो. मामांनी त्या दिवशी कमळाचा अर्थ सांगितला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मामा आणि मी दोन पोती घेऊन सायखेड्याला गेलो. मुलाच्या वडिलांनी ओसरीवर बसून प्रत्येक भांडं उलटसुलट फिरवून पाहिलं. हंडा पाहिला, कळशी पाहिली. चेहरा हळूहळू सैल होत होता. वीस भांडी झाली आणि पोत्याच्या तळाशी उरलेली लहानशी लोटी त्यांनी काढली. तिच्यावर हात तसाच होता. घाईत ती राहूनच गेली होती.  मामांनी ती परत घ्यायला हात पुढं केला.

“ती हिकडं दे, दादा,” दारातून आत्या म्हणाली. “ती माझी.”

“अगं, पण हे...”

“म्हाईत हाय मला काय ते. त्या दगडाला समद्या हळदकुंकू लावायला येत्यात. मी लावू शकत नाय, मी नुसती दगड धुते. चाळीस वर्सं धुते.” तिनं लोटी हातात घेतली आणि त्या हातावरून अंगठा फिरवला. “ती गेली, तर माय झाली. मी ऱ्हायले, तर नुसती आत्या. तेवढा हात माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. पोरीचं लगीन मोडू नको रं, दादा. चूक केली, पर मानसानं सुधारली बी.”

 भावानं पाण्याचा तांब्या उचलला, पुन्हा खाली ठेवला, आणि आत बघून चहा टाकायला सांगितलं. लग्न ठरल्या दिवशी होणार, हे आम्हाला त्या चहावरून कळलं.

मामा आत्यासमोर खाली बसले. त्यांच्या चाळिशीपासून ओळखत होतो मी त्यांना, पण त्यांना अर्थ सांगण्याऐवजी विचारताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. “त्या दगडातल्या बाईंचं नाव काय हो?”

“नाव? नाय ठाव. कोनालाच नाय. माय म्हनत्यात.”

“आणि तुमचं?”

आत्यानं लोटी पदरानं पुसली. मग ती हळूच म्हणाली, “भागीरथी.” मामांनी खिशातून छिन्नी काढली आणि ओसरीच्या पायरीवर बसून त्या हाताखाली ते नाव घातलं. ‘यांजकडून’ नाही, ‘स्मरणार्थ’ नाही, नुसतं नाव.

लग्न छान झालं. वैशालीला पुढं दोन मुली झाल्या. दोन हजार सालानंतर बाजार बदलत गेला. लोक पाकिटं द्यायला लागले, भांड्यावर नाव घालायची कुणाला गरज उरली नाही. मामांना वेळच वेळ मिळाला. ते अजूनही सुटीच्या दिवशी सायकल काढत, पण आता पिशवीत कागद-कोळशाबरोबर एक खुरपं असे. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी असा हात कोरलेला दगड दिसला की ते आधी खालची माती बाजूला करत, दगड पुरता बघत, आणि मग जवळच्या घरी जाऊन विचारत, “या बाईंचं नाव काय?” दहा-बारा वर्षांत एकाही ठिकाणी त्यांना नाव मिळालं नाही. मिळणार नाही, हे त्यांनाही माहीत असावं. मला मामांची फार आठवण येते, आणि येते ती या विचारण्याची.

शेवटच्या खेपेला त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून मी त्यांना माझ्या स्कूटरवर नेलं. दगडापाशी ते बांधावरच बसून राहिले आणि मला पलीकडच्या वस्तीवर पाठवलं. अंगणात एक बाई कांदे निवडत होत्या. मी विचारलं. त्या हसून म्हणाल्या, “नाव कुठून असणार, भाऊ? दगडच हाय तो.” मी परत येऊन मामांना तसं सांगितलं. संध्याकाळचं ऊन त्या दगडावरच्या बांगड्यांवर आडवं पडलं होतं, आणि मामा तिकडंच बघत होते.

“पण विचारलंत ना?” ते म्हणाले.

“विचारलं, मामा.”

“मग चला,” असं म्हणून त्यांनी उठायला हात पुढं केला.