घरातली आई एकच

शुक्रवार, ९ डिसेंबर १९५५, सायंकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. परळहून घरी पोहोचल्यावर पिशवी खाली ठेवण्याआधी मी घड्याळ पाहिले. प्रयोगशाळेने लावलेली ती सवय होती. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सासूबाई गॅलरीच्या दाराशी बसल्या होत्या आणि माझी अकरा महिन्यांची मुलगी त्यांच्या मांडीवर होती. शाळेत जाणारी माझी नणंद शेजारी पाटीवर गणित सोडवत होती.

"आलीस? जरा आधी यायला हवं होतंस," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला वाचा फुटली आज."

"काय म्हणाली?"

"आई म्हणाली. अगदी स्वच्छ. विचार हिला."

नणंदेने पाटीवरून मान वर करून होकार दिला. मी मुलीसमोर उकिडवी बसले आणि म्हटले, "म्हण बघू, आई." मुलीने माझ्याकडे नीट पाहिले. मग मान मागे टाकून तिने सासूबाईंच्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "आई."

मुलगी चुकली नव्हती, हे मला त्याच क्षणी कळले. माझे पती, धाकटे दीर आणि नणंद, तिघेही सासूबाईंना आई म्हणत. त्या दोन खोल्यांत तो शब्द दिवसभर उच्चारला जाई, आणि प्रत्येक वेळी सर्वांची नजर एकाच व्यक्तीकडे वळे. मूल शब्द ऐकते, नजर कुठे वळते ते पाहते आणि दोन्हींची सांगड घालते. माझ्या मुलीचे निरीक्षण बिनचूक होते. दुसऱ्या कोणाच्या मुलीने असा निष्कर्ष काढला असता, तर मी तिचे कौतुक केले असते.

याआधीच्या बहुतेक पहिल्या क्षणांनाही मी हजर नव्हते. ती पालथी पडली तेव्हा मी परळला होते. पहिला दात आल्याचे समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना कळले, चमचा दातावर वाजला म्हणून. मूल पाच महिन्यांचे झाल्यावर मी कामावर परतले होते, आणि सासूबाईंनी त्याला विरोध केला नव्हता, हे नोंदवणे न्यायाचे आहे. "जा तू. पोरीला मी बघते," एवढेच त्या म्हणाल्या, आणि शब्द त्यांनी पाळला. मी जिवाणूंवर काम करत होते. पुढे त्यावर प्रबंध लिहायचा होता, आणि माझ्या मार्गदर्शकांना ते काम पुढे जाईल असे वाटत होते. दात कोणासमोर आला, याने दाताला काही फरक पडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण शब्दाचे तसे नसते. शब्द कोणाला तरी निवडतो.

त्याच आठवड्यात मी पतींशी बोलले. मागणी साधी होती: मुलीसमोर माझा उल्लेख घरातल्या सर्वांनी आई असा करावा. 'आई आली बघ', 'आईकडे जा', एवढेच.

ते हसले. "अगं, मला ती दादा म्हणणार आहे. भावंडं म्हणतात तेच. मी कुठे रडत बसलोय?"

"तुमच्या शब्दावर आधी कोणी बसलेलं नाही," मी म्हटले. "माझ्या शब्दावर आहे."

त्यांना ते पटले असावे, कारण रविवारी पंगतीत त्यांनीच विषय काढला. सासूबाई आमटी वाढत होत्या. त्यांनी पळी पातेल्यात ठेवली.

"एका घरात दोन आया?" त्या म्हणाल्या. "मी अजून जिवंत आहे हो."

"आई, तसं नाही—"

"तसंच आहे. तुला आठवत नाही. अरे, तू मला वहिनी म्हणायचास. तेरा वर्षांचा होईपर्यंत. तुझे काका म्हणायचे, म्हणून तू. घरात आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गेल्या, त्यांचे दिवस झाले, आणि चौदाव्या दिवशी सकाळी तू येऊन म्हणालास, आई, चहा." मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी शांतपणे सांगितले, "मी गेले की तुला म्हणेल. घाई कशाला?"

दीर म्हणाले, "वहिनी, अपील फेटाळलं गेलं. आमटी वाढा." सगळे हसले. सासूबाईही हसल्या. मला मात्र त्यांचा राग करता येईना, आणि तेच अधिक जाचक होते. जे नाव मिळायला त्यांना तेरा वर्षे आणि एक मृत्यू लागला होता, ते त्यांनी अकरा महिन्यांत मला का द्यावे? आमच्या घरात आई हे नाते नव्हते. ते पद होते, आणि जागा रिकामी झाल्यावर ते ज्येष्ठतेने मिळे. मुलाला जन्म देणे ही त्यासाठीची पात्रता होती, पण पुरेशी नव्हती.

जानेवारीत शहर पेटले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असे जाहीर झाले आणि आमच्या रस्त्यावर दगड, अश्रुधूर, गोळीबार, संचारबंदी, सगळे एकापाठोपाठ आले. दीर घसा बसवून घरी येत आणि खोलीतही घोषणा देत, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र—" आणि नणंद पाटी आपटून पुरे करी, "झालाच पाहिजे!" तिसऱ्या दिवशी माझी मुलगी मूठ वर करून "पाजे!" म्हणू लागली. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. मी मात्र त्यात माझ्या तर्काचा पुरावा पाहिला: घरात जे वारंवार आणि जोरात म्हटले जाते, ते मूल उचलते. त्यामागच्या हेतूची ते चौकशी करत नाही.

ट्रॅम बंद होत्या. परळला जाण्याचा मार्ग नव्हता. माझ्या नळ्यांतल्या जिवाणूंना ठरावीक दिवसांनी ताजे अन्न द्यावे लागे. ते मिळाले नाही म्हणजे काय होते, हे मला ठाऊक होते. मी घरात बसून तांदूळ निवडत होते आणि चार महिन्यांचे काम मरत होते.

अशाच एका दुपारी मुलगी ट्रंकेला धरून उभी होती. मी दाराशी सूप घेऊन बसले होते. तिने ट्रंक सोडली. कोणी बोलावले नव्हते, कोणी टाळी वाजवली नव्हती. ती डगमगत, दोन्ही हात वर धरून, थेट माझ्या दिशेने निघाली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या आणि तिला त्या जवळ होत्या, तरी ती माझ्याकडे आली. सुपावर तिचा पाय पडला, तांदूळ उधळले, आणि ती माझ्या मांडीवर कोसळली. इतका निखळ आनंद मला परीक्षेच्या निकालानेही कधी दिला नव्हता.

मग तिने माझा पदर धरला, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि विजयी स्वरात म्हणाली, "वनी!"

आधी कोणाला कळले नाही. मग नणंद ओरडली, "वहिनी म्हणाली! आई, ती वहिनी म्हणाली!" समोरच्या काकू आवाज ऐकून गॅलरीतून आल्या. "अगंबाई, वहिनी म्हणते? किती गोड गं!" सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या आणल्या आणि मुलीवरून उतरवताना मला मनापासून म्हणाल्या, "पहिलं पाऊल तुझ्याकडे टाकलंन् हो. भाग्याची आहेस." त्यात टोमणा नव्हता. पाऊल मला मिळाले आणि नाव गेले, ते एकाच मिनिटात, आणि घरात त्याबद्दल गूळ वाटला गेला.

पुढचे काही महिने मी विचार केला. विचार असा होता: मी दिवसाचे दहा तास बाहेर असते. मुलगी जागी असताना मी तिच्या वाट्याला फार थोडी येते. जे पुरेसे समोर नाही, त्याला मूल दुसऱ्यांकडून ऐकलेले नाव देणार. मी दिवसभर समोर राहिले, तर नाव मी स्वतः शिकवू शकेन. मांडणी नीटनेटकी होती. मला ती तपासून पाहावीशीही वाटली नाही, इतकी नीटनेटकी.

जूनमध्ये मी राजीनामा दिला. मेलेल्या नळ्यांच्या जागी नव्या सुरू करून झाल्या होत्या, आणि त्या चांगल्या वाढत होत्या. मार्गदर्शकांनी कागद वाचला.

"प्रकृती बरी नाही का?"

"बरी आहे, सर."

"घरून विरोध?"

"नाही."

"मग कारण काय समजू?"

मुलगी मला वहिनी म्हणते, हे एका शास्त्रज्ञाला सांगण्यासारखे कारण नव्हते. "घरगुती," मी म्हटले. त्यांनी चष्मा काढून पुसला. बायकांना जागा द्याव्यात की नाही, याचे उत्तर त्यांना त्या दिवशी मिळाले असावे; माझ्यानंतर आलेल्या कोणा मुलीने त्याची किंमत मोजली असेल.

त्यानंतर मी सगळे पाहिले. चाळीचा जिना ती पहिल्यांदा उलटी, पोटावर घसरत उतरली, ते मी पाहिले. चौपाटीवर वाळूत उभी केली तेव्हा तिने दोन्ही पाय वर उचलले आणि माझ्या गळ्यात लोंबकळली. आंब्याची कोय तिने दोन हातांनी धरून चोखली आणि कोणी ती घेऊ लागताच "पाजे!" म्हणून गर्जली. पहिले खोटेही माझ्यासमोरच झाले: साखर सांडून तिने बोट मांजराकडे केले. मला हवे होते ते सगळे मिळत होते. रोज दुपारी मी तिला समोर बसवून स्वतःच्या छातीवर हात ठेवत असे. "आई. मी आई."

प्रथम ती हसे. खेळ आहे असे तिला वाटे. पुढे तिला माझी कीव येऊ लागली असावी. पावसाळा संपत आला तेव्हा एका दुपारी तिने माझा हात छातीवरून उचलला, बाजूला ठेवला आणि समजावले, "तू वहिनी." मग स्वयंपाकघराकडे बोट करून, "आई ती." 'ह' आता स्पष्ट येत होता. तिच्या उच्चारातली ती मोठी प्रगती होती.

आतून सासूबाई म्हणाल्या, "लहान आहे गं. मनावर घेऊ नकोस." त्या स्वरात जिंकल्याचा लवलेशही नव्हता. जिंकण्यासारखे काही चालले आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, सगळे घरी असताना, मी अखेर ते केले जे राजीनाम्याआधी करायला हवे होते. मी मोजले. ओट्यावर दोन वाट्या ठेवल्या. घरात कोणी मला वहिनी म्हणाले की एका वाटीत मुगाचा एक दाणा टाकायचा. कोणीही, कोणत्याही निमित्ताने, मला आई म्हणाले की दुसऱ्या वाटीत मसुरीचा.

"वहिनी, माझा सदरा कुठाय?" मूग. "वहिनी, वेणी घाला ना." मूग. "वहिनींना सांग, पाणी गेलं." मूग. समोरच्या काकू खिडकीतून, "अहो वहिनी, विरजण आहे का थोडं?" मूग. पती मुलीला कडेवरून खाली ठेवून, "जा, वहिनीकडे जा," आणि जीभ चावून माझ्याकडे पाहणे. पण दाणा पडायचा तो पडला. त्या प्रत्येक हाकेला मी ओ दिली होती, हे दुपारपर्यंत माझ्या लक्षात आले. हाक, आणि लगेच माझे वळणे. हाक, आणि लगेच माझे उत्तर. नोकरीत असताना हे शिक्षण मुलीला सकाळ-संध्याकाळ मिळे. आता मी ते दिवसभर देत होते. माझ्या मांडणीत हा घटक मी धरलाच नव्हता: मी जितकी समोर, तितकी वहिनी.

चार वाजता सासूबाई चहाला आत आल्या. वाट्या पाहून थांबल्या.

"निवडतेस का मोजतेस?"

"मोजतेय."

"काय ते?"

मी सांगितले. त्यांनी मुगाच्या वाटीत बोट फिरवले. मसुरीची वाटी पाहिली. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "माझ्या वेळी मोजायची अक्कल नव्हती, ते बरंच होतं म्हणायचं." जाताना त्या दारात वळल्या. मला वाटले, आता म्हणतील. मसुरीचा एक दाणा पुरला असता. त्यांनी तोंड उघडलेही. पण इतक्यात माझी मुलगी धावत आली, त्यांच्या लुगड्याला बिलगली आणि म्हणाली, "आई, उचल." त्यांनी तिला उचलले.

दिवेलागणीला मी वाट्यांतले दाणे मोजले. मूग तसेच भिजत घातले; सकाळच्या उसळीला कामी आले. त्यानंतर मी या घरात काही मोजलेले नाही. मूग एकशे सतरा. मसूर शून्य.