हर्षदाला कच्च्या गटात बसवलं

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मी समुद्रकाठच्या नरपड गावात सातवीला शिकवते. आज वर्गात मुलांचा आत्मविश्वास मोजायला छापील प्रश्नावली आली.

‘मी कोणाच्याही मदतीशिवाय काम पूर्ण करते.’ हर्षदाने ‘नाही’वर खूण केली. अशा प्रत्येक वाक्याला नाहीच! सोबतच्या तक्त्यावरून शेरा ठरला: आत्मविश्वास कमी, अभ्यासात मागे पडेल.

मी विचारलं, "अगं, सगळीकडे ‘नाही’ का?"

"बाई, बोंबील वाळत घालायला आम्ही सगळ्या असतो. मी एकटीने केलं असं कसं लिहू? आजी काय म्हणेल?"

हीच पोरगी रविवारी आईबरोबर मासळी विकते, गुजराती गिऱ्हाइकाला गुजरातीत गप्प करते. मलासुद्धा दहा रुपये सोडत नाही!

मुख्याध्यापक म्हणाले, "शेरा आलाय ना? कच्च्या मुलांच्या गटात बसवा तिला." आणि मी बसवलंसुद्धा.

गणिताच्या तासाला रोज पहिला हात तिचा असतो. आज दुपारी तो वर आलाच नाही.

घ्या आता परत चाचणी. आता शेरा अगदी बरोबर येईल. झालं समाधान आपलं?