वॉलवरची थुंकी

मी शाळा तिसरीत सोडली. चाकाचं मात्र मला कोणी शिकवू नये. धुळ्याच्या बाहेर हायवेला माझं पंक्चरचं दुकान आहे आणि तिथून सुटलेलं चाक हवा कमी झाली म्हणून परत आलं नाही. कारण साधं आहे. चाक बसवून, जॅक उतरवून, गाडीचा भार चाकावर आला की मी बोटाला थुंकी लावून वॉलवर, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या तोंडावर, ठेवतो. तीन मोजतो. बुडबुडा आला नाही तर गाडी सोडतो. ट्रक असो की साहेबाची गाडी, थुंकीशिवाय जात नाही. लोक हसतात. हसू देत.

माझा मुलगा आणि माझ्या भावाचा मुलगा दोघंही मातीवरच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरतात. दोघंही मला आबाच म्हणतात. सीटा काढलेल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेल्या दोन जुन्या गाड्या, पण संघ एकच. आणि त्या संघाचं चाक माझ्या हातात.

गेल्या उन्हाळ्यात नशिराबादजवळ नांगरून सोडलेल्या मोठ्या शेतात शर्यत होती. नियम असा की शर्यत चालू असताना प्रत्येक गाडीनं एकदा थांबून मागचं उजवं चाक बदलायचं. आम्हाला थांबायला जागा एकच, जॅक एकच. दोघं एकाच फेरीत आले तर एकानं दुसऱ्याच्या मागे तिष्ठत उभं राहायचं. म्हणून आधी कोण, यावर सकाळीच दोघांची जुंपली. मी म्हणालो, "जो पुढं असेल तो आधी येईल. दुसरा पुढच्या फेरीत. आणि दोघांना हात सारखाच लागेल. माझी जबान आहे."

पुतण्या पुढं होता. माझ्या दुकानाशेजारचा वेल्डिंगवाला मदतीला होता, त्यानं पाटी दाखवली, पुतण्या आत आला. जॅक, पाना, चार नट, जॅक खाली. बोटाला थुंकी, वॉलवर बोट. एक, दोन, तीन.

"आबा, सोडा ना!" तो आतून ओरडला.

"सोडतो," मी म्हणालो आणि सोडला.

पुढच्या फेरीत मुलगा आला. वेल्डिंगवाला माझ्या कानाशी ओरडायला लागला, "नाना, पुतण्या वळणावर आला! काढा काढा, पोरगा पुढं निघतो!" मी जॅक खाली केला आणि गाडीच्या टपावर थाप मारली. मुलगा सुटला.

तो रस्त्याला लागला तेव्हा पुतण्या अर्ध्या गाडीनं मागं होता. मातीच्या शर्यतीत पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला धूळ. शेवटपर्यंत पुतण्यानं धूळच खाल्ली. मुलगा जिंकला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

मी मात्र माझ्या बोटाकडं बघत उभा होतो. ते कोरडं होतं.

कोणालाच कळलं नव्हतं. वेल्डिंगवाला तर माझी पाठ थोपटत होता. पण जबान माझी होती. दोघं गाडीपाशी पाणी पीत होते, तिथं जाऊन मी पुतण्यासमोरच मुलाला सांगून टाकलं. "याच्या चाकाला थुंकी लावली, तुझ्या चाकाला नाही लावली. तीन मोजायचे राहिले."

पुतण्या घरच्या अहिराणीत म्हणाला, "मना गाडीले थुंकी आन् त्याना गाडीले नही? आस कसं, आबा?"

मुलगा चिडला. "मी जिंकलो ते जिंकलो. मी सांगितलं होतं का थुंकू नका म्हणून?"

"तू नाही सांगितलंस. चूक माझी," मी म्हणालो. "पण न मोजलेले ते तीन तुझे नव्हते."

निकाल काही बदलणार नव्हता. जिंकल्याचा कप मात्र मी मुलाच्या हातातून घेतला. कप घरी गेला नाही. माझ्या दुकानात, हवेच्या टाकीवर ठेवला. मुलगा महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. मीही मनवायला गेलो नाही.

पुढची शर्यत धुळ्याजवळच होती. या खेपेला मुलगा पुढं होता, म्हणून आधी तोच आत आला. चाक बसलं, जॅक खाली आला. धुळीनं माझं तोंड कोरडं ठाक, थुंकी येईना. वेल्डिंगवाला हात जोडून म्हणाला, "नाना, आता तरी जाऊ द्या!"

मुलानं ब्रेकवरचा पाय काढला नाही. खिडकीतून पाण्याची बाटली बाहेर आली. "आबा, पयले पाणी प्या. थुंका. मंग सोडा."

मी प्यालो, थुंकी लावली, तीन मोजले. पुढच्या फेरीत पुतण्या आला. त्याच्या चाकालाही बोट, तेवढेच तीन. मुलाचा बाटलीत गेलेला वेळ पुतण्याच्या पथ्यावर पडला आणि त्या दिवशी धूळ मुलानं खाल्ली.

शर्यत संपल्यावर मुलगा हेल्मेट काढून माझ्यापाशी आला. मी म्हटलं, आता बोलणार. तो एवढंच म्हणाला, "बुडबुडा होता का?"

"नव्हता."

"मग बरोबर शे."

पुतण्याचा कप त्याच्या घरी आहे. पहिला अजून हवेच्या टाकीवरच आहे, ग्रीसनं काळा झालाय. गिऱ्हाईक विचारतात हा कोणाचा, तर मुलगाच पान्यावरून मान वर न करता सांगतो, "आबाना थुंकीना."