सुलूमावशीच्या कपाळावरची खूण

माझ्या मावशीच्या कपाळावरची खूण अर्ध्या नाशिक जिल्ह्याने पाहिली होती.
तिचा आवाज मात्र फार थोड्यांनी ऐकला.

आज सुलूमावशीचा स्मृतिदिन. दरवर्षी या दिवशी काहीतरी गोड लिहायचं ठरवते आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. यंदा फिरलेल्या डोक्यानेच लिहिते.

नव्वदच्या दशकात मावशी सातपूरला राहायची. दानिएलकाका, म्हणजे तिचा नवरा, तिथेच कंपनीत होते. प्यायचे. एकदा पिऊन आले आणि पितळी तांब्या फेकून मारला. तो मावशीला डाव्या भुवईच्या वर लागला. टाके पडले, खूण राहिली.

मग काकांचं तारण झालं.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. खरंच त्यांचा उद्धार झाला. एका प्रार्थनासभेत गुडघ्यांवर पडून ढसाढसा रडले आणि त्यानंतर दारूला शिवले नाहीत. शिव्या सुटल्या. पहाटे उठून बायबल वाचायला लागले. मावशीने देवाचे किती आभार मानले, ते मी पाहिलंय.

पण मग साक्ष सुरू झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या संगतीत, म्हणजे मंडळीच्या सभेत, माणूस उभा राहून सांगतो, मी आधी कसा होतो आणि प्रभूने मला कसं बदललं. चांगली पद्धत आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, ह्याचं होऊ शकतं तर आपलंही होईल.

काकांची साक्ष एकदम हिट होती. निफाड, पिंपळगाव, येवला, सगळीकडून बोलावणी. दोघं एसटीने जायचे.

साक्ष रंगात आली की काका पुढे बसलेल्या मावशीला उभं करायचे. प्रार्थनेसाठी डोक्यावर घेतलेला तिचा पदर स्वतःच्या हाताने मागे सारायचे.
"बघा, ही माझ्या जुन्या जीवनाची खूण."

सगळे हालेलुया म्हणायचे. मावशी खाली बघत उभी असायची.

पुढे पुढे ती पदर थेट भुवयांपर्यंत ओढून बसायला लागली. पास्टरांनी भर सभेत तिचं कौतुक केलं, बहिणींनो, मर्यादा शिकावी तर ह्यांच्याकडून.
काय बोलणार!

साक्षीतला तो तांब्याही वाढत गेला. दोन वर्षांत त्याची कळशी झाली. येवल्याला पोचेपर्यंत हंडा.
मावशी मला हळूच म्हणाली, "हंडा लागला असता तर ऐकायला मी राहिले असते का गं?"
तिचा विनोद असा होता. मंडळीत कुणाला माहीतच नाही.

निफाडच्या सभेला मी बरोबर गेले होते. कॉलेजात होते तेव्हा. सभा संपल्यावर बायकांनी मावशीला गराडा घातला. एकीने तर बोट लावून पाहिलं.
"हीच का वो ती? लय खोल हाय."
मावशी हसली, त्या बाईला प्रेमाने जवळ घेतलं, तिच्यासाठी प्रार्थनाही केली.

परतीच्या बसमध्ये मी भडकले होते. काका पुढच्या सीटवर झोपलेले. मी विचारलं, तुझी माफी मागितली का गं त्यांनी कधी?

ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली,
"त्यांना वाटतं देवाने माफ केलं म्हणजे झालं. मला विचारायचं राहूनच गेलं."

ही गोष्ट नका सांगू, असं तिने काकांना अनेकदा सांगितलं होतं. काका म्हणायचे, देवाचं गौरव होतंय, तू आडवी येऊ नकोस. ती पास्टरांकडेही गेली. त्यांनी पत्नीच्या नम्रतेवर दोन शब्द ऐकवून परत पाठवलं.

मला खरा राग ह्याचा येतो. पवित्र जीवनावर आमच्याकडे किती संदेश झाले! कानातले घालू नका, पिक्चरला जाऊ नका, टीव्ही बघू नका. घरी जाऊन बायकोची माफी मागा, हे एकालाही सुचलं नाही.

एका रविवारी पास्टर म्हणाले, सुलोचनाताई, आज तुम्ही साक्ष द्या.
सगळ्यांना वाटलं, आता तीच गोष्ट बायकोच्या तोंडून ऐकायला मिळणार.

मावशी उठली. पदर नीट केला.
"हे प्यायचे तेव्हाही मी प्रार्थना करत होते. तेव्हाही प्रभू माझ्याजवळ होता. माझी साक्ष ह्यांच्यापासून सुरू होत नाही."
आणि बसली.

कुणीही हालेलुया म्हटलं नाही. पास्टरांनी घाईघाईने गाणं सुरू केलं.

काही वर्षांनी किडनीच्या आजाराने ती गेली. पेटी संगतीच्या हॉलमध्ये ठेवली होती. पांढरी साडी, पदर भुवयांपर्यंत. तो रूथने, तिच्या मुलीने, ओढला होता.

काका बोलायला उभे राहिले. मला वाटलं, निदान आज तरी तिच्याबद्दल बोलतील. शेजारच्या म्हातारीचं अंथरूण ती कशी धुवायची, संडे स्कूलच्या पोरांना कशी हसवायची, काहीही.

"मी दारुडा होतो," काकांनी सुरुवात केली.

तीच साक्ष. तोच हंडा. बोलता बोलता ते पेटीजवळ आले आणि त्यांचा हात सवयीने पदराकडे गेला.

रूथने त्यांचं मनगट धरलं. आवाज अजिबात चढवला नाही.
"पप्पा, नको. तिने तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं."

काकांनी रूथकडे पाहिलं, मग मावशीकडे. हात मागे घेतला. खाली बसले. त्यांची साक्ष अर्धवट राहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मनातल्या मनात तरी त्यांनी तिची माफी मागितली का, मला माहीत नाही. मागितली असली तरी ऐकायला ती नव्हती. माझा राग अजून गेलेला नाही. प्रभू मला क्षमा करो.

मावशी, तुझी साक्ष तीन वाक्यांची होती. ती आज मी इथे लिहून ठेवली.

आता तुझा पदर कुणी मागे सारणार नाही.
निवांत झोप.