फुलाक्काचे वाडगे

गुंद गावच्या फुला वेळीपला भांड्यांचा नाद आहे, असं सगळा गाव म्हणायचा. सगळ्या भांड्यांचा नव्हे, फक्त वाढायच्या वाडग्यांचा. घागर गळकी असली तरी तिचं चालायचं, लुगड्याला दोन ठिकाणी दंड घातलेले असायचे. पण आमटी वाढायचा वाडगा हातात नीट बसला नाही, तर तिला जेवण वाढल्यासारखंच वाटायचं नाही.

लग्न होऊन आली तेव्हा बापानं शिवणीच्या लाकडाचा वाडगा कोरून दिला होता. सासूनं तिचा काशाचा दिला. तो इतका जुना होता की तळाची नक्षी झिजून बोटालाच लागायची, डोळ्यांना दिसायची नाही. नवरा धाकलू कॅसलरॉकला रेल्वेच्या वाघिणींत ओंडके चढवायला जायचा. एका उन्हाळ्यात त्यानं तिथनं पांढरा इनॅमलचा वाडगा आणला, काठाला निळी रेघ असलेला. गावात असलं भांडं कुणी पाहिलं नव्हतं. बायका बघायला आल्या आणि बोटांनी वाजवून गेल्या. घाटाखालनं सुकी मासळी घेऊन येणाऱ्या बाईच्या फुला दोन वर्षं मागं लागली, आणि मधानं भरलेले तीन भोपळे देऊन तिच्याकडनं चिनी मातीचा, निळ्या फुलांचा वाडगा घेतला. असे करता करता नऊ झाले.

दुसरी कुणी असती तर फळीवर मांडून ठेवले असते. फुलाचा एकही वाडगा फळीवर बसला नाही. कुळथाची आमटी काशाच्यात, अळंब्यांची लाकडाच्यात, पेज चिनी मातीच्यात. कुणाकडं लग्न असलं की वाडग्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती स्वतः जायची आणि शेवटची पंगत उठेपर्यंत वाढायची. तिला दोन मुलं झाली होती. दोन्ही चालायला लागायच्या आत हिवतापानं गेली. त्यानंतर ती घरापेक्षा दुसऱ्यांच्या पंगतीत जास्त दिसू लागली.

१९१८ साली दसऱ्यानंतर मानमोडीचा ताप आला. रेल्वेच्या कामावरनं परतलेल्या गड्यांबरोबर तो गावात शिरला. धाकलू चार दिवस निपचित पडला आणि उठला. पण आठवड्याभरात अकरा घरं अशी झाली की चूल पेटवायला माणूस उभं राहीना. भात शेतात पिकून वाकलं होतं, कापायला कुणी नव्हतं.

फुलाला ताप आला नाही. ती मोठ्या हंड्यात पेज शिजवायची, वाडगे भरायची आणि दारोदार उंबऱ्यावर ठेवून यायची. वाडगे नऊ, घरं अकरा. म्हणून पहिल्या घरातला रिकामा झाला की व्हाळाच्या वाहत्या पाण्यात विसळून दुसऱ्या घरासाठी भरायची. उंबऱ्यावर वाडगा रिकामा दिसला, की आत कुणीतरी जेवलंय असं समजायची. भरलेलाच दिसला, की आत जायची. अशी ती चार घरांत आत गेली.

रुक्माचं घर तिच्यापासून तिसरं. रुक्मा विधवा, तिला एकच मुलगा, कृष्णा, वीस वर्षांचा. अणशीची मुलगी त्याला ठरली होती. आधी रुक्मा आजारी पडली, कृष्णा धडधाकट होता. आईला पेज पाजून उरलेली तो खायचा. त्याला निळ्या फुलांचा वाडगा आवडायचा, म्हणून फुला त्यांच्या घरी तोच न्यायची. मग कृष्णाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तो गेला. रुक्मा वाचली.

ताप ओसरल्यावर उरलेली माणसं मांडावर, देवापुढच्या मोकळ्या जागेत जमली. गाऱ्हाणं घालून झालं, तशी रुक्मा उभी राहिली.

"ह्येच वाडगं घराघरांतनं फिरलं," ती म्हणाली. "दुसऱ्याचं उष्टं माझ्या दारात आलं. माझा पोरगा बरा हुता."

"मी धुऊन आणत हुते, रुक्मे," फुला म्हणाली.

"कशात धूत हुतीस?"

"व्हाळात."

फुलाच्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही.

घरी येऊन तिनं धाकलूला विचारलं, "खरं आसंल काय वो?"

"ताप वाऱ्यानं आला. तू न्हाई आणलास."

"पण वाडगं तर मीच न्हेलं."

धाकलू उठून गोठ्यात गेला.

त्या दिवशी फुलानं नऊही वाडगे पाटीत घालून माळ्यावर ठेवले. पुढं घरात पानांच्या द्रोणातनं वाढणं सुरू झालं. लग्नाला तिला कुणी वाढायला बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती. सहा वर्षांनी धाकलू हिवतापानं गेला, तेव्हा बाराव्याचं जेवणही तिनं दुसऱ्यांना वाढायला लावलं.

आणखी तीन वर्षांनी रुक्माचे पाय गेले. तिला बघणारं कुणी नव्हतं. फुला रोज सकाळी द्रोणात पेज घेऊन जायची, तिच्याजवळ ठेवायची आणि न बोलता परत यायची. नऊ वर्षांत दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. महिनाभर असं चाललं. एके दिवशी रुक्मा म्हणाली, "फुलाक्का, बस."

फुला दाराशीच बसली.

"द्रोण गळतोय. आंगावर सांडती पेज. वाडगं न्हाईत तुझ्याकडं?"

"हायत."

"मग?"

फुला पुढं होऊन सांडलेली पेज पुसू लागली. रुक्मा म्हणाली, "तवा मी बोलले. देवाला बोलून झालं हुतं. तो काय ऐकंना. मग तू समोर दिसलीस."

"पण खरं काय आसंल, रुक्मे?"

"मला काय ठावं."

"मलाबी न्हाई."

"मग आण की वाडगा. निळ्या फुलांचा आण. किस्नाचा."

फुलानं तो माळ्यावरनं काढला. चुलीवर पाणी उकळून त्यात धुतला, पुन्हा पाणी उकळून पुन्हा धुतला. रुक्मानं तो दोन्ही हातांत धरला आणि पेज प्यायच्या आधी काठावरनं अंगठा फिरवत राहिली. दोघींनाही रडू आलं नाही. त्यानंतर दोन पावसाळे फुलानं तिला त्यातनंच जेवू घातलं. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी रुक्मा गेली.

मग फुलाचंही गुंदात कुणी उरलं नाही. नंदिगड्ड्याहून तिचा भाचा परशू तिला न्यायला आला. निघायच्या आधी तिनं पाटी खाली घेतली आणि एकेक वाडगा एकेका घरी दिला. प्रत्येक दारात एवढंच म्हणाली, "उकळत्या पाण्यानं धुवा." निळ्या फुलांचा अणशीला पोचवायला सांगितला. कृष्णाला ठरलेली मुलगी तिथंच दुसऱ्या घरी नांदत होती. तिनं तो घेतला की नाही, हे फुलाला कधी कळलं नाही.

नंदिगड्ड्यात परशूची बायको शांती तिला आग्रहानं वाढायला बसवायची. फुला डाव हातात घ्यायची आणि आधी विचारायची, "घरात कुणाला ताप न्हाई न्हवं?" ऐन जेवणाच्या वेळी ते विचारणं शांतीला सुरुवातीला अभद्र वाटायचं. पुढं सवयीनं तिनं उत्तर शिकून घेतलं.

"न्हाई आत्ते. समदी बरी हायत."

मग फुला वाढायला घ्यायची.