साहेबाच्या वेळेची पिल्लं

ओसरीवरच्या पेटीतून काळा धूर निघत होता आणि मी अंगणापलीकडे गोठ्यात बसून बघत होते. मला कावळा शिवला होता, दुसरा दिवस. पेटीत माझ्या कोंबड्यांची चाळीस अंडी होती, एकोणीस दिवस उबवलेली.

"आत्याबाई, कंदील भडकला! वात खाली करा!"

सासू पदर नाकाला लावून दारात आली. "मी कशी करू वं? माह्या गळ्यात माळ हाय. अंड्याच्या पेटीले हात नाई लावत मी."

"मंग मीच येऊ काय?"

"तू तं बिलकुल शिवू नको! घरभर इटाळ करशीन!"

घरात दोन बाया, आणि एक वात खाली करायला एकीचाही हात चालत नव्हता. देवाधर्माचं असलं शहाणपण आमच्याकडे उदंड होतं.

पेटी आमच्या मालकांनी आणली होती. सरकारी केंद्रात आठ दिवस कोंबडीपालन शिकून आले, तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. खाली कंदील, वर पत्रा, पत्र्यावर भुसा आणि भुशात अंडी, एवढंच ते मशीन. दिवसातून तीनदा अंडी फिरवायचं काम माझं, पारावर बसून सांगायचं काम त्यांचं. चार दिवसांपूर्वी माझी एक कोंबडी खुडूक झाली. मी म्हटलं, थोडी अंडी हिच्याखाली ठेवू.

"काहून? घरात मशीन असताना कोंबडीच्या पाया पडून राह्यली तू?" असं म्हणून तिचं खुडूकपण मोडायला त्यांनी तिला पाण्याच्या बादलीत बुचकळलं आणि गोठ्यात डाल्याखाली कोंडलं. मी बाहेर बसले तेव्हा ती माझ्या शेजारीच कुरकुरत होती.

त्या सकाळी ते मालेगावला केंद्राच्या साहेबाला आणायला निघाले. निघताना कंदिलाची वात मोठी केली.

मी गोठ्यातून ओरडले, "आवो, अजून दोन दिवस बाकी हायेत!"

"साहेब आज दुपारच्या मोटारीनं येऊन राह्यले. त्यायच्यासमोर फुटाले पायजेत. तुले काय समजते? चौथी शिकली तू."

ते स्वतः सातवी नापास होते.

धूर दाट झाला तशी मी उठले. सासू शिव्या देत मागे सरली. तिला माझा धक्का लागायला नको होता. मी वात खाली केली, झाकण उचललं. मधली अंडी हातात धरवत नव्हती. एकेक अंडं पापणीला लावून बघितलं. कडेची तेरा पापणीला सोसवली, ती ओटीत घेतली, गोठ्यात आणली आणि डालं उचललं. कोंबडीनं माझा विटाळ विचारला नाही. पंख फुगवून सरळ बसली.

दुपारी साहेब आला. मालकांनी त्याच्यासमोर थाटात पेटी उघडली आणि शिजलेल्या अंड्यांचा वास ओसरीभर सुटला. सासूनं लगेच माझं शिवणं त्यांच्या कानावर घातलं.

"घरच्या बाईनं शिवलं, साहेब. विटाळात हात लावला," मालक म्हणाले.

साहेब शिकलेला, पँट-बुशकोटातला माणूस. त्यानंही रुमाल नाकाला लावून मान हलवली.

"वात कोनं वाढवली ते सांगा की साहेबाले," मी गोठ्यातून म्हटलं.

"चूप वं," सासू म्हणाली. तिनं पेटीवर गोमूत्र शिंपडलं. साहेबानं चहा घेतला आणि मोटार चुकेल म्हणून निघून गेला. पारावर पुढे कित्येक दिवस माझ्याच हाताची चर्चा होती. वातीचं नाव कोणी काढलं नाही.

साहेब गेल्यावर तिसऱ्या दिवशी कोंबडीखाली सात अंडी फुटली. दोन पिल्लं घारीनं नेली. पेटीत राहिलेलं एकही वाचलं नाही. कोंबडीची पाच जगली.